डोंगरी पपई: चीक, गर आणि बी यांचा हिशेब वेगवेगळा

चिलीमध्ये सांतियागोच्या उत्तरेला साधारण पावणेपाचशे किलोमीटरवर, पॅसिफिकच्या काठी ला सेरेना हे जुनं शहर आहे. तिथल्या बाजारात पपई मिळते, पण आपल्याकडच्यासारखी फोडी करून, वर चाट मसाला भुरभुरून नव्हे. पाकात बुडालेल्या पिवळ्याधमक फळांच्या बरण्या, साखरेत मुरवून सुकवलेल्या फोडी, रसाच्या बाटल्या, मुरंबे असा सगळा थाट असतो. फळ पिकलेलं असलं तरी ते न शिजवता खाणारा माणूस तिथे विरळाच. असं का, हे समजून घेतलं की या फळाचं जवळजवळ सगळं विज्ञान हाती येतं. शिवाय त्याच्या आरोग्यगुणांबद्दल जे दावे केले जातात त्यांतला कुठला खरा, कुठला अर्धवट आणि कुठला भलत्याच भागाचा, हेही आपलं आपल्याला ठरवता येतं.

हे फळ म्हणजे डोंगरी पपई. शास्त्रीय नाव व्हास्कोन्सेलिया प्युबेसेन्स. जुन्या पुस्तकांत ती कॅरिका कँडामार्सेन्सिस या नावाने सापडते आणि नव्या शोधनिबंधांत कधी कधी व्हास्कोन्सेलिया कुंडिनामार्सेन्सिस या नावाने. झाड एकच. मूळ घर दक्षिण अमेरिकेतला अँडीज पर्वत, साधारण १,८०० ते ३,००० मीटर उंचीचा पट्टा. आपलं कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर आहे, म्हणजे ही पपई जिथून सुरू होते तिथवर महाराष्ट्राचा डोंगर पोचतच नाही. नेहमीच्या पपईला थंडी सोसत नाही. हिला मात्र गारवा लागतोच. कडक हिमतुषार तिलाही सहन होत नाही, पण उष्ण मैदानात लावली तर नीट फळत नाही.

मग समुद्रकाठच्या ला सेरेनात ती कशी? त्याचं उत्तर समुद्रातच आहे. दक्षिणेकडून येणारा थंडगार हम्बोल्ट प्रवाह चिलीच्या किनाऱ्याला घासून जातो. ला सेरेना विषुववृत्तापासून ३० अंश दक्षिणेला आहे. अक्षांश आणि थंड पाणी या दोन्हींमुळे तिथल्या किनाऱ्याची हवा वर्षभर सौम्य आणि गार राहते. इक्वेडोरमध्ये जे हवामान गाठायला डोंगर चढावा लागतो, ते चिलीत पाण्याच्या पातळीवर मिळतं.

इंडोनेशियात जावा बेटाच्या मध्यभागी दिएंग नावाचं पठार आहे, साधारण २,००० मीटर उंचीवर. तिथेही हे झाड छान रुजलंय आणि वोनोसोबो गावातून त्याच्या पाकातल्या फोडी देशभर जातात. दक्षिण भारत आणि श्रीलंकेच्या डोंगरांवरही ते लावलं गेलं, पण आपल्याकडे त्याचा बाजार असा झाला नाही.

फळ तळहातावर मावेल एवढं. लांबट, टोकाला निमुळतं, अंगावर पाच ठळक कंगोरे. पिकलं की सोनेरी पिवळं. उभं चिरलं तर बाहेरच्या बाजूला घट्ट, जराशा चिवट गराची भिंत आणि आत पोकळीत बियांचा भरगच्च घोस. प्रत्येक बी पारदर्शक, बुळबुळीत पिशवीत. या फळाचा खरा सुगंध त्या बुळबुळीत भागातच दाटलेला असतो. म्हणून वोनोसोबोत बिया टाकून देण्याआधी त्यांच्यावरचा रस काढून घेतात आणि तोच पाकात घालतात. गर आकार देतो आणि वास येतो तो बियांच्या आवरणाकडून.

आता चिकाकडे वळू.

कच्ची पपई चिरताना हाताला लागणारा पांढरा चीक आपल्या ओळखीचा आहे. जास्त लागला तर बोटं चुरचुरतात, नाजूक त्वचेला खाज सुटते. मटण लवकर शिजावं म्हणून कच्च्या पपईचा कीस लावून ठेवायची पद्धतही घरोघरी आहे. दोन्हींमागे कारण एकच. चिकात प्रथिनं कापणारी विकरं, म्हणजे एन्झाइम, असतात. प्रथिनाचा रेणू म्हणजे अमिनो आम्लांचे मणी ओवलेली लांबच लांब माळ. पेपेन हे पपईच्या चिकातलं सर्वांत प्रसिद्ध विकर. ते ही माळ मधेच तोडतं आणि लांब रेणूचे तुकडे होतात. मटणातले चिवट धागे तुटतात म्हणून ते मऊ होतं, आणि आपल्या त्वचेतही प्रथिनंच असल्यामुळे बोटं चुरचुरतात.

हे काम स्वयंपाकघरात डोळ्यांनी आणि जिभेने पडताळता येतं. पपईचा मिल्कशेक ताजा असताना गोड लागतो. तोच तासभर बाहेर राहिला की कडसर होतो. दूध नासलेलं नसतं. दुधातल्या केसिन नावाच्या प्रथिनाचे विकराने तुकडे केलेले असतात आणि त्यातले काही छोटे तुकडे जिभेला कडू लागतात. मूळ केसिनला अशी चव नसते. ताज्या पपईची जेली करायला गेलात तर ती घट्ट होत नाही, त्याचंही कारण हेच: जिलेटिन हे प्रथिन आहे, आणि गोठायच्या आधीच त्याचे तुकडे पडतात. फोडी आधी उकळून घेतल्या तर जेली बिनबोभाट जमते. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

पेपेनच्या रेणूत २१२ अमिनो आम्लं आहेत. प्रत्यक्ष कापायचं काम त्यातल्या मोजक्यांच्या हातात असतं. २५ व्या जागेवरचं सिस्टीन हा त्यातला कळीचा घटक. त्याच्यावरचा गंधकाचा अणू प्रथिनाच्या बंधावर हल्ला चढवतो आणि १५९ व्या जागेवरचं हिस्टिडीन त्याला साथ देतं. म्हणून या कुळातल्या विकरांना सिस्टीन प्रोटिएज म्हणतात. झाड हे सगळं आपल्या मटणासाठी अर्थातच करत नाही. चीक झाडाच्या अंगात बारीक नळ्यांमध्ये दाबाखाली भरलेला असतो. अळीने पान कुरतडलं की नळी फुटते, चीक उसळून बाहेर येतो आणि अळीच्या तोंडात आणि पोटात जातो. पपईच्या पानांवर झालेल्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसलंय: चीक धुऊन काढलेली पानं अळ्या खुशाल खातात, चीक असलेली पानं खाल्ली तर त्यांची वाढ खुंटते किंवा त्या मरतात.

डोंगरी पपईच्या चिकातही याच कुळातली विकरं आहेत, पण त्यांची धार वेगळीच. वेगवेगळ्या अभ्यासांत या चिकाची प्रथिनं कापण्याची ताकद नेहमीच्या पपईच्या चिकापेक्षा साधारण ५ ते ८ पट भरली आहे. नेहमीची पपई पिकत जाते तसा चीक कमी कमी होतो, म्हणून पिकलेली पपई आपण बिनघोर खातो. डोंगरी पपईत पिकल्यावरही हे विकर बऱ्यापैकी शिल्लक राहतं. न शिजवलेला गर तोंडात धरला की जीभ आणि ओठ चुरचुरतात. वर गर चिवट आणि गोडी बेताची. म्हणून ला सेरेनात फळ शिजवून पाकात घालतात.

शिजवल्यावर काय होतं? विकर स्वतः प्रथिनच आहे. त्याच्या माळेची एक विशिष्ट घडी असते आणि त्या घडीमुळेच कापणारी जागा तयार होते. उष्णतेने घडी विस्कटली की माळ तीच राहते, काम थांबतं. पेपेन इतर विकरांच्या मानाने चिवट आहे, ६० ते ७० अंश सेल्सिअसला तर ते अधिकच जोमाने काम करतं. पण उकळत्या पाण्यात पुरेसा वेळ ठेवलं की तेही निकामी होतं. जेली जमली ती याचमुळे.

हाच मुद्दा या सगळ्या विषयाचा कणा आहे, म्हणून जरा ठासून सांगते. डोंगरी पपईची कीर्ती तिच्या विकरांमुळे आहे आणि लोक तिला खातात ती विकरं मारून. पाकातल्या बरणीवर, मुरंब्यावर किंवा उकळून भरलेल्या रसावर ‘पाचक विकरांनी समृद्ध’ असं कोणी छापत असेल तर ते चिकाचं श्रेय गराच्या नावावर टाकणं झालं. एवढंच नाही, कच्ची विकरं पोटात गेली तरी जठरातल्या आम्लात आणि पेप्सिन या प्रथिनं पचवणाऱ्या विकरासमोर त्यांचीही पचनक्रिया सुरू होते. ती तोंडातून जाऊन गुडघ्याची सूज उतरवतील किंवा शरीर ‘शुद्ध’ करतील असं मानायला आधार नाही. आरोग्याचा कुठलाही दावा वाचताना पहिला प्रश्न हाच विचारायचा: हे चिकाबद्दल आहे, गराबद्दल की बियांबद्दल? आणि कच्च्याबद्दल की शिजवलेल्याबद्दल?

चिकाबद्दलचं संशोधन खरोखर उत्कंठा वाढवणारं आहे. ब्राझीलमधल्या मिनास जेराइस फेडरल विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी या चिकातून विकरांचा एक शुद्ध केलेला अंश वेगळा काढला. त्याचं नाव पी१जी१०. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याने त्वचेच्या जखमा आणि भाजलेली जागा भरून येण्याचा वेग वाढवला. उंदरांच्या जठरातल्या व्रणांपासून त्याने संरक्षण दिलं, असंही दिसलं. पहिल्यांदा ऐकताना हे उलटं वाटतं. जे प्रथिनं कापतं ते जखम कशी भरेल? उत्तर दोन पदरी आहे. चिघळलेल्या जखमेत मेलेल्या पेशींचा थर साचतो, त्याखाली नवी त्वचा येऊ शकत नाही, आणि विकर तो थर विरघळवतं. दुसरं म्हणजे, पेशींच्या पृष्ठभागावर असे काही रेणू असतात जे विशिष्ट जागी कापले गेले की आत ‘विभाजन सुरू कर’ असा संदेश जातो. या अंशातली काही विकरं पेशींना वाढायला उद्युक्त करतात असं प्रयोगशाळेत दिसलं आहे.

प्राण्यांनंतर माणसांवरही चाचण्या झाल्या. आधी निरोगी स्वयंसेवकांवर सुरक्षिततेची, मग या अंशाचं मलम करून मधुमेहामुळे पायाला व्रण झालेल्या रुग्णांवर दुसऱ्या टप्प्याची. निकाल आशादायक होते. मधुमेही पायाची जखम म्हणजे काय असतं हे आपल्याकडे अनेक घरांना माहीत आहे. महिनोन्‌महिने पट्ट्या बदलायच्या, तरी अंगठा जाईल की पाय याची धास्ती. त्यामुळे या मलमावर मोठ्या, वेगवेगळ्या देशांतल्या चाचण्या व्हाव्यात असं मनापासून वाटतं. पण आज हे सिद्ध, बाजारात मिळणारं औषध नाही. दुसऱ्या टप्प्यातली छोटी चाचणी ही पायरी आहे, मुक्काम नव्हे.

इथे एक इतिहास सांगायलाच हवा. नेहमीच्या पपईच्या पेपेनची मलमं अमेरिकेत कित्येक वर्षं जखमांवर वापरली जात होती, पण रीतसर मंजुरी न घेता. २००८ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने ती बाजारातून काढायला लावली, कारण काही रुग्णांना तीव्र अॅलर्जी झाली होती, रक्तदाब धोकादायक खाली गेल्याच्या घटना घडल्या होत्या. म्हणजे ज्या पदार्थात जखम साफ करायची ताकद आहे त्यात अपाय करायचीही आहे. घरी जखमेवर कच्च्या पपईचा कीस किंवा चीक लावू नये. त्यात विकर किती आहे हे माहीत नसतं, तो निर्जंतुक नसतो, आणि चांगल्या त्वचेलाही सोडत नाही.

ज्यांना रबराच्या हातमोज्यांची किंवा फुग्यांची अॅलर्जी आहे त्यांनी विशेष जपावं. रबराच्या चिकातली काही प्रथिनं आणि पपई, केळं, अॅव्होकाडो अशा फळांतली प्रथिनं एकमेकांसारखी दिसतात, त्यामुळे शरीर एकाऐवजी दुसऱ्यालाही शत्रू समजतं. गरोदर बाईने पपई खाऊ नये हे आपल्याकडे घरातल्या मोठ्या बायका हमखास सांगतात. नेहमीच्या पपईवर उंदरांत झालेल्या अभ्यासात पूर्ण पिकलेल्या गराने गर्भाशय आकुंचन पावलं नाही, कच्च्या फळाच्या चिकाने मात्र पावलं. त्या सल्ल्यात कच्च्या फळापुरतं तथ्य आहे. डोंगरी पपईचा चीक त्याहून जहाल असल्यामुळे न शिजवलेलं फळ गरोदरपणात टाळणंच शहाणपणाचं.

आता गर. खाण्याच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा, पण त्याची जाहिरात कमी होते, कारण त्याचे गुण साधे आहेत. नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी. नेहमीच्या पपईपेक्षा साखर कमी, त्यामुळे उष्मांकही कमी. तंतू चांगले. क जीवनसत्त्व भरपूर. पिवळा रंग कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांचा. आपल्या लाल गराच्या पपईत लायकोपीन असतं, तेच जे टोमॅटोला लाल करतं. पिवळ्या डोंगरी पपईची मदार इतर कॅरोटिनॉइडांवर आहे. शिवाय फिनॉलिक संयुगं, म्हणजे वनस्पती स्वतःच्या बचावासाठी बनवतात असे रेणू: २००९ मध्ये चिलीच्या शास्त्रज्ञांनी या फळातली अशी संयुगं एकेक करून ओळखली, त्यात रुटिन आणि मँघास्लिन ही क्वेरसेटिनपासून बनलेली फ्लेव्होनॉइड होती.

यावरून लगेच ‘अँटिऑक्सिडंटचा खजिना’ अशी उडी मारली जाते. जरा थांबा. परीक्षानळीत फळाचा अर्क घालून तो एखाद्या रंगीत मुक्त मूलकाचा, म्हणजे चटकन इतरांशी झोंबणाऱ्या अस्थिर रेणूचा, रंग किती फिका करतो हे मोजलं की आकडा मिळतो. तो आकडा नळीतला असतो. ही संयुगं आतड्यातून किती शोषली जातात, यकृत त्यांचं काय करतं, रक्तात किती उरतात, हे सगळे टप्पे त्यात नसतात. अमेरिकेच्या कृषी विभागाने खाद्यपदार्थांच्या अशा आकड्यांची एक मोठी यादी प्रसिद्ध केली होती आणि २०१२ मध्ये ती स्वतःच मागे घेतली, कारण कंपन्या जाहिरातीत तिचा गैरवापर करत होत्या आणि त्या आकड्यांचा प्रत्यक्ष आरोग्याशी संबंध दाखवता येत नव्हता. डोंगरी पपईचा गर चांगला आहे, जसा पेरू, आवळा किंवा संत्रं चांगलं आहे. क जीवनसत्त्वासाठी महाराष्ट्रातल्या माणसाने आठ-दहा हजार मैलांवरचं फळ शोधायची गरज नाही.

आणि पाकातली बरणी घेतली तर गरातली मूळ कमी साखर हा फायदा तिथेच संपतो. बाहेरची साखर फळात शिरलेली असते. ती कशी शिरते हे बघण्यासारखं आहे, आणि त्यासाठी चिलीला जायला नको. केकवर आणि बनपावात जी रंगीत टूटीफ्रूटी असते ती बहुतेक वेळा कच्च्या पपईचीच. फोडी उकळून पेशींची पटलं सैल केली जातात. मग पातळ पाक, नंतर त्याहून दाट, नंतर आणखी दाट. पहिल्याच दिवशी दाट पाकात टाकल्या तर आतलं पाणी भराभर बाहेर येतं, साखर तेवढ्या वेगाने आत जात नाही, आणि फोड सुरकुतून चामडं होते. पायऱ्यापायऱ्यांनी केलं की पाण्याची जागा साखर घेते, फोड टपोरी राहते. आत एवढी साखर झाल्यावर जंतूंना वापरायला मोकळं पाणीच उरत नाही, म्हणून ती टिकते. ला सेरेनातल्या साखरी फोडींमागेही हेच तत्त्व आहे. तिथल्या फळाचा चिवटपणा इथे कामाला येतो: गर शिजूनही आकार धरून राहतो, नेहमीच्या पिकलेल्या पपईसारखा त्याचा लगदा होत नाही.

साखरेशिवाय टिकवायचं तर वाळवणं आलं. ला सेरेना विद्यापीठातल्या अन्न अभियंत्यांनी यावर बरीच वर्षं काम केलं आहे: गरम हवा, सौर वाळवण, निर्वात, अवरक्त किरण, गोठवून वाळवणं. त्यातून दिसतं ते असं. क जीवनसत्त्व उष्णता आणि हवा दोन्हींना भितं, त्यामुळे गरम हवेत बराच वेळ ठेवलं की ते खालावतं. गोठवून वाळवताना बर्फाची थेट वाफ होते, तापमान कमी राहतं, रंग आणि पोत छान टिकतो, पण यंत्र आणि वीज महाग. काही फिनॉलिक संयुगं तर उष्णतेने वाढल्यासारखी दिसतात. ती नव्याने तयार झालेली असतातच असं नाही. पेशींच्या भिंतींना चिकटून असलेली संयुगं भिंत मोडल्यावर सुटी होतात आणि मोजणीत येतात. म्हणून ‘वाळवल्याने पोषण वाढतं’ किंवा ‘नष्ट होतं’ अशी सरसकट वाक्यं चुकीची. कुठला घटक, किती तापमानाला, किती वेळ, हे विचारल्याशिवाय उत्तर नाही.

सुगंधाबद्दल थोडं. डोंगरी पपई पिकली की खोलीभर घमघमाट सुटतो. हा वास मुख्यतः एस्टर नावाच्या हलक्या, उडून जाणाऱ्या रेणूंचा, त्यातही एथिल ब्युटानोएटसारख्यांचा. आंब्याप्रमाणे हेही फळ झाडावरून काढल्यावर पिकतं आणि पिकण्याची सूत्रं इथिलीन वायूच्या हातात असतात. चिलीतल्या ताल्का विद्यापीठात फळाला इथिलीनचा संदेशच पोचू नये अशी प्रक्रिया करून पाहिली. फळ टिकलं, पण एस्टर बनणंही घटलं. टिकाऊपणा वाढवताना वास गमावणं हा सौदा आपल्याकडच्या फळव्यापाऱ्यांनाही चांगला ठाऊक आहे.

आता बिया. पपईचं कूळ आणि मोहरी, मुळा, कोबी यांचं कूळ वनस्पतिशास्त्रात एकाच गणात येतं. दिसायला काही साम्य नाही, पण पपईची बी चावून बघा: मोहरीसारखी झिणझिणी नाकात जाते. बीच्या पेशींत ग्लुकोसिनोलेट नावाचं गंधकयुक्त संयुग एका कप्प्यात आणि त्याला फोडणारं विकर दुसऱ्या कप्प्यात असतं. बी चावली की दोघं एकत्र येतात आणि बेंझिल आयसोथायोसायनेट तयार होतं. झिणझिणी त्याची. वाळलेल्या पपईच्या बिया काळ्या मिरीत भेसळ म्हणून खपवल्या जातात, त्यामागे सारखं दिसणं तर आहेच, पण ही तिखट चवही आहे.

चिलीत कारखान्यांतून या फळाच्या बियांचे ढीग निघतात. त्यातून तेल, मेदाम्लं आणि ही गंधकयुक्त संयुगं काढता येतील का, यावर तिथे काम चाललं आहे. टाकाऊतून उपयोगी काही निघत असेल तर शेतकऱ्याला दोन पैसे जास्त मिळतील, म्हणून मला ही दिशा फार मोलाची वाटते. आयसोथायोसायनेटं प्रयोगशाळेत जंतू आणि बुरशी रोखतात, कर्कपेशींवरही परिणाम करतात. पण बशीतल्या पेशींवर जे घडतं ते माणसाच्या शरीरात घडेलच असं नाही, आणि बिया मूठमूठ खाणं निर्धोक नाही. जयपूरच्या राजस्थान विद्यापीठात नेहमीच्या पपईच्या बियांचा अर्क लंगूर माकडांना दिला तेव्हा नरांची शुक्राणूसंख्या पार खाली गेली, आणि अर्क थांबवल्यावर पुन्हा पूर्ववत झाली. गर्भनिरोधक शोधणाऱ्यांसाठी ही आशेची बातमी. ‘यकृतासाठी रोज चमचाभर बिया’ असे संदेश पुढे पाठवणाऱ्यांनी मात्र ती आधी वाचावी.

महाराष्ट्राचा या फळाशी खरा संबंध ताटातून नव्हे, शेतातून येतो. नंदुरबार, धुळे, जळगाव या पट्ट्यात पपई हे मोठं नगदी पीक आहे आणि रिंगस्पॉट विषाणू हा त्याचा मोठा वैरी. मावा कीड झाडाझाडांवर बसत जाते आणि सोंडेतून विषाणू पसरवते. पानं आकसतात, शेंड्याची वाढ थांबते, फळावर तेलकट कडी उमटतात. एकदा झाडाला लागण झाली की औषध नाही, उपटून टाकणं एवढाच मार्ग. हवाईत १९९८ मध्ये विषाणूचंच एक जनुक घालून बनवलेली रेनबो पपई शेतकऱ्यांच्या हाती आली आणि तिथला उद्योग वाचला. दुसरा मार्ग म्हणजे विषाणूला दाद न देणाऱ्या जंगली नातेवाइकांशी संकर. डोंगरी पपई त्यातली एक.

हा संकर मात्र सोपा नाही. पूर्वी या दोन्ही पपया कॅरिका या एकाच प्रजातीत धरल्या जात. २००० मध्ये व्हेनेझुएलाचे वनस्पतिशास्त्रज्ञ व्हिक्टर बादिल्यो यांनी व्हास्कोन्सेलिया पुन्हा वेगळी केली, आणि नंतरच्या जनुकीय अभ्यासांनी तर दाखवलं की नेहमीच्या पपईची सर्वांत जवळची भावकी मेक्सिको-ग्वाटेमालातल्या छोट्या रोपांत आहे, अँडीजच्या डोंगरी पपईत नाही. नातं इतकं लांबचं असल्यामुळे परागीकरण झालं तरी बीमधला गर्भ मरतो. तो वेळेत काढून काचेच्या नळीत वाढवावा लागतो, आणि वाढलेलं रोप बहुधा वांझ निघतं. भारतातल्या संशोधकांनी म्हणूनच कॉलिफ्लोरा या दुसऱ्या भावंडावर जास्त भर दिला. ऑस्ट्रेलियात ग्रिफिथ विद्यापीठातल्या गटाने वेगळी वाट धरली: डोंगरी पपईची रोगप्रतिकारशक्ती आधी तिच्याच प्रजातीतल्या पार्व्हिफ्लोरा या जातीत उतरवायची, कारण त्या दोघींचा संकर जमतो, आणि मग पार्व्हिफ्लोराकडून ती नेहमीच्या पपईत न्यायची, कारण तिचं तिच्याशी जास्त जुळतं.